बडोद्यात घराबाहेर दुपारची डुलकी : कुठे, कशी, किती

बडोद्यात नव्याने आलेल्या माणसाची दुपारी एक ते तीनच्या दरम्यान हमखास पंचाईत होते. सेव-उसळ खाऊन पोट भरलेलं, डोळ्यांवर झापड आलेली, आणि टेकायला स्वतःची खोली एकतर गोत्रीपलीकडे किंवा थेट दुसऱ्या गावात. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली मुलं, हॉस्पिटलात पेशंटसोबत राहिलेले नातेवाईक, एका दिवसाच्या परीक्षेला आलेले उमेदवार, दोन गाड्यांच्या मधे पाच तास अडकलेले प्रवासी, दिवसभर बॅग घेऊन हिंडणारे विक्री प्रतिनिधी, सगळ्यांची गत एकच. हा लेख त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. नवखा माणूस मऊ आणि थंड जागा शोधतो आणि तिथेच फसतो. झोप काय, दमलेल्या माणसाला दगडावरही लागते. कोणी येऊन उठवू नये, हा खरा प्रश्न असतो. म्हणून आधी तिथे असण्याचं कारण शोधा, गादीचं मागाहून बघू. हातात गाडीचं तिकीट असेल, केसपेपर असेल, कॉलेजचं ओळखपत्र असेल किंवा पुजाऱ्याने मान हलवून दिलेली परवानगी असेल, तर कडक बाकावरही अर्धा तास निवांत मिळतो. कारण नसेल तर गारेगार लॉबीतल्या सोफ्यावरूनही पाच मिनिटांत उठावं लागतं.

किती वेळ झोपायचं

जागा यावर ठरते, म्हणून हे आधी. बाहेरच्या डुलकीला २० मिनिटांची प्रत्यक्ष झोप पुरते. अर्ध्या तासाच्या पुढे शरीर गाढ झोपेत उतरू लागतं, आणि त्यातून मधेच उठवलं की डोकं जड होतं, आपण कुठे आहोत हेच क्षणभर कळत नाही. ही जडता कधी पंधरा मिनिटं टिकते, कधी त्याहून बरीच जास्त. पूर्ण चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं, पण दीड तास सार्वजनिक जागी ताणून देणं स्टेशनच्या विश्रामगृहाखेरीज कुठे जमत नाही.

झोप लागायलाही वेळ लागतो, तो हिशेबात धरा. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या प्रयोगात ४० मिनिटांची मोकळीक दिली होती. त्यात प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटांची झाली. तेव्हा जागेवर बसल्यापासून ३० मिनिटांचा गजर लावा, फार दमला असाल तर २५ चा. तीन वाजून गेले असतील तर विचार सोडून द्या, रात्रीच्या झोपेचं वाटोळं होतं. चहा प्यायचा असेल तर झोपण्याआधी प्या. त्याचा असर व्हायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणजे नेमकी उठायची वेळ.

स्टेशन

पहिल्यांदा बाहेर झोपणाऱ्याने इथून सुरुवात करावी. गाडीचं तिकीट हातात असेल तर प्रतीक्षागृहात बसण्याचा हक्क असतो. वरच्या वर्गाचं वेगळं, दुसऱ्या वर्गाचं वेगळं, तेव्हा तिकिटावरचा वर्ग बघून शिरा. फलाट तिकिटाच्या भरवशावर मात्र राहू नका. ते दोनच तासांचं असतं आणि सोडायला-आणायला आलेल्यांसाठी असतं, त्यावर प्रतीक्षागृहात ठाण मांडता येत नाही.

क्रम असा ठेवा. मोठं सामान आधी क्लोकरूममध्ये टाका. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून पन्नास-साठ रुपयांचं छोटं कुलूप कायम जवळ असावं. मग पंख्याखालची, पण दारापासून लांबची खुर्ची धरा, पाठ भिंतीकडे आणि तोंड माणसांकडे. संडास-मोरीच्या दाराजवळची जागा नेहमी रिकामी असते, त्याचं कारण बसल्यावर कळतं. फलाटावरच्या भोकांच्या स्टीलच्या बाकांना मधे हात असतात, तिथे आडवं होता येत नाही. मागे टेकून, पाय बॅगेवर ठेवून बसावं. पादचारी पुलाच्या जिन्यावर अंग टाकणारे दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. गाडी आली की तिथून शेकडो माणसं एकदम उतरतात.

गजर गाडीच्या वेळेआधी ४० मिनिटांचा लावा. दहा मिनिटांचा लावून कितीतरी लोक गाड्या चुकवतात, कारण फलाट बदलल्याची घोषणा झोपेत ऐकू येत नाही आणि पूल चढून उतरायला वेळ लागतो. रेल्वे पोलिसाने उठवलं तर वाद न घालता तिकीट दाखवा, बहुतेक वेळा तो पुढे निघून जातो.

तीन तासांहून जास्त वेळ असेल आणि रात्रभर प्रवास झाला असेल, तर विश्रामगृहातली खोली घ्यावी. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून ती मिळते. तिकीट पक्कं किंवा आरएसी हवं, नुसतं वेटिंग चालत नाही. सुट्ट्यांत आणि लग्नसराईत ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

चोरीबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळा. स्टेशनवर फोन जातो तो बहुधा खिशातून नाही, भिंतीवरच्या चार्जिंगच्या खोबणीतून. फोन लावला, डोळा लागला, फोन गेला. पॉवर बँक बॅगेच्या आत ठेवून त्याला जोडा.

कमाटीबाग

सयाजीबाग हे पाटीवरचं नाव, बडोदेकर कमाटीबागच म्हणतात. १८७९ साली तिसऱ्या सयाजीरावांनी ही बाग केली, आणि शहराच्या मध्यात एवढी जुनी, दाट सावली दुसरीकडे नाही. स्टेशनवरून युनिव्हर्सिटी रोडने काळ्या घोड्याच्या पुतळ्यापर्यंत पायी १५ मिनिटं. घोड्यासमोरच बागेचं दार.

इथे बाक शोधत बसण्याआधी झाड निवडा. कडुनिंब सगळ्यांत बरा: सावली दाट, खाली फारसं काही पडत नाही. वडाची सावली मोठी, पण फळं लागली की वर पाखरांची जत्रा आणि खाली त्याचा प्रसाद. आंब्याच्या खोडाला टेकण्याआधी ते नीट बघा. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या असतील तर दोन मिनिटांत कॉलरमध्ये शिरतात, आणि त्यांचा चावा झणझणतो. गुलमोहर दिसायला कितीही देखणा असला तरी त्याचं लाकूड ठिसूळ, मे-जूनच्या वावटळीत फांद्या काडकन मोडतात. बॉटल पामच्या खाली तर बसूच नये, वाळलेली झावळी न सांगता पडते आणि ती हलकी नसते. ज्या झाडाला वटवाघळं उलटी लटकलेली आहेत, त्याखालची जमीन पांढरी-काळी डागाळलेली दिसते. वर बघायची गरज नाही, खाली बघितलं तरी कळतं.

आता सावलीचं गणित. बडोदा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला खरा मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबाराच्या थोडा पुढे होतो. त्यानंतर सावली पूर्वेकडे सरकते. फांद्या आठ-दहा मीटर उंच असतील तर अर्ध्या तासात सावलीची कड मीटर-दीड मीटर हलते. म्हणून एक-दीड वाजता झोपताना सावलीच्या पश्चिम कडेला पडू नका, तिथे ऊन आधी येतं. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, कडेपासून दोन हात आत अंग टाका. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो, सावली झाडाच्या थेट खाली गोळा होते, मग खोडाजवळच जावं लागतं. हिवाळ्यात ती उत्तरेला लांब पडते. त्या दिवसांत उलटा विचार करा, पाय उन्हात आणि डोकं सावलीत.

सिमेंटचे बाकडे सकाळभर ऊन पितात आणि सावली आल्यावरही तास-दीड तास तापलेलेच राहतात. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. ठेवता आली नाही तर तो बाक सोडा. त्यापेक्षा जमीन थंड असते. पण हिरवळीवर बसण्याआधी हात दाबून ओल बघा, कारण पाणी केव्हा सोडलंय हे वरून दिसत नाही. जुन्या फ्लेक्सचा मीटरभर रुंद, दोन मीटर लांब तुकडा घडी करून बॅगेत ठेवला की ओल, मुंग्या आणि कपड्यांवरचे हिरवे डाग तिन्ही टळतात. छापील बाजू खाली, नाहीतर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर झोपल्यासारखं दिसतं.

नदीकाठ टाळा, आणि ही सूचना गंमत म्हणून घेऊ नका. बागेला लागून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि त्या शहराच्या मधोमधच राहतात. हिवाळ्यात ऊन खायला काठावर येतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर थेट वस्तीत शिरल्या होत्या. उतारावरचं गवत कितीही निवांत वाटलं तरी कुंपणाच्या आतच राहा. पावसाळ्यात पाणी ओसरल्यावरही आठवडाभर सखल भागात बसू नये.

रविवारी, शाळांच्या सहलींच्या दिवसांत आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, बागेचा नाद सोडावा. एरवी प्राणिसंग्रहालयापासून जेवढं लांब जाल तेवढं चांगलं. खाऊन उरलेलं शेजारी ठेवून झोपलात तर कुत्री येतात, क्वचित माकडंही.

रखवालदार काठी आपटत आला तर आधी उठून बसा, मग बोला. गुजराती मोडकीतोडकी चालते: "काका, अडधो कलाक आराम करूं तो वांधो नथी ने?" (अर्धा तास आराम केला तर हरकत नाही ना?) पडलेल्या माणसाला तो हाकलतो, बसून विचारणाऱ्याला सहसा जागा दाखवतो. 'इथे नको, तिकडे' म्हणाला तर तिकडे जा, त्याला त्याची हद्द ठाऊक असते.

देऊळ

जुन्या शहरात, म्हणजे मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांत मराठी माणसाला हा आसरा आपल्या घरासारखा वाटतो. दुपारच्या नैवेद्यानंतर गाभारा बंद होतो, पण अनेक ठिकाणी सभामंडप उघडा राहतो आणि खांबाला टेकून दोन-चार वयस्कर मंडळी पेंगत असतात. त्यांना बघून थेट आडवं होऊ नका. ते रोजचे आहेत. गुरुजी दिसले तर विचारा, "गुरुजी, अर्धा तास मंडपात टेकू का?" नाही दिसले तर त्या वयस्करांपैकी जो जागा असेल त्याला विचारा. चौकशी होईल, गाव कुठलं, कोणाकडे उतरलात, आडनाव काय. दोन मिनिटं उत्तरं द्या, त्यानंतर तेच तुमच्या बॅगेवर लक्ष ठेवतात.

पाय गाभाऱ्याकडे किंवा तुळशीकडे करायचे नाहीत, प्रदक्षिणेच्या वाटेत पसरायचं नाही, चपला उशाला घ्यायच्या नाहीत. सप्ताह, रामनवमी, आषाढी-कार्तिकी, गणपती या दिवसांत मंडप रिकामा नसतो. आणि घोरत असाल तर खांबाला टेकून बसल्या बसल्याच झोपा, दगडी मंडपात घोरणं घुमतं.

पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवस्तीतल्या, घरांचे ओटले दिसायला मोकळे असतात, पण ते घराचेच असतात. दार वाजवून विचारल्याशिवाय बसू नये.

युनिव्हर्सिटी, ग्रंथालय, हॉस्पिटल

ओळखपत्र असणाऱ्यांना महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं आवार दुपारी सोन्यासारखं. मोठ्या घुमटाच्या इमारतीभोवतालची झाडं, विभागांचे व्हरांडे, कट्टे. व्हरांड्यात तास चालू असलेल्या खोलीच्या खिडकीखाली बसू नका. नवरात्रीच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळलेली पोरं दुसऱ्या दिवशी इथे ओळीने आडवी दिसतात. त्या आठवड्यात एकच्या आधी जागा धरावी.

१९१० मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय, किंवा कुठलंही वाचनालय, झोपायची जागा नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तिथे खुर्ची मिळायची मारामार असते. समोर पुस्तक उघडं असताना हातावर डोकं ठेवून दहा मिनिटं डोळे मिटले तर कोणी बोलत नाही. त्यापुढे लायब्ररियन खांद्यावर बोट वाजवतात, आणि ते बरोबरच आहे.

सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नातेवाइकांनी पाळी लावून झोपावं. एक जण झोपेल तेव्हा दुसऱ्याकडे केसपेपर, फोन आणि वॉर्डचा निरोप. दोघंही झोपले आणि नाव पुकारलं गेलं, हा प्रकार ओपीडीत रोज घडतो. स्ट्रेचरच्या वाटेवर आणि तातडीच्या विभागासमोर अंथरूण टाकू नका. चादर दोन भागांत वापरा, खालची वेगळी आणि वरची वेगळी, खालची घरी नेल्यावर गरम पाण्यात.

गाडी, रिक्षा, मॉल

बंद काचांची गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, तेव्हा सावली आणि समोरासमोरच्या दोन काचा चार बोटं खाली, हे नसेल तर गाडीत झोपू नये. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपणं जिवावर बेततं, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. अहमदाबाद द्रुतगती मार्गावर कडेला थांबून डुलकी घेणं हा वेडेपणा. टोलच्या आधी, शहरातच झोप उरकून निघा.

रिक्षावाले काका मागच्या सीटवर कसे झोपतात ते एकदा नीट बघा. डोकं आतल्या कोपऱ्यात, गुडघे वर, एक पाय बाहेर दांडीला अडकवलेला. पाय खाली सरकला की जाग येते. गजराशिवायची ही सोय आहे. पण दुसऱ्याच्या रिकाम्या रिक्षात शिरू नका.

मॉलमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटलेले चालतात, मान कलंडली की सुरक्षारक्षक येतो. एटीएमची खोली गार असते म्हणून तिथे थांबणं साफ चूक. सिनेमाचा दुपारचा खेळ हा महागडा आणि गोंगाटाचा उपाय, तरी उन्हाळ्यात काही लोक करतात.

बसून झोपायची रीत

आपल्याकडे वामकुक्षी डाव्या कुशीवर. तिखट-तेलकट जेवणानंतर त्याला अर्थ आहे, त्या कुशीवर आम्ल घशाशी कमी येतं. पण बाहेर बहुतेक वेळा बसूनच झोपावं लागतं. आयुर्वेदातही उन्हाळा सोडून दिवसा झोपणं वर्ज्य मानलं आहे, बसल्या बसल्या काढलेल्या डुलकीला मात्र तेवढा दोष दिलेला नाही.

१. लघवी करून या, दोन-चार घोट पाणी प्या. पूर्ण बाटली नको.

२. पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात. बॅगेचा पट्टा मांडीतून किंवा दंडातून एक वेढा देऊन. लॅपटॉप असलेली बॅग उशाला घेऊ नका, बिजागरी जाते.

३. पंचा घट्ट गुंडाळून मानेच्या मागे नाही, हनुवटीखाली आणि एका बाजूला घ्या. बसलेल्या माणसाची मान मागे कमी, पुढे आणि बाजूला जास्त पडते. मान आखडते ती यामुळेच.

४. ढुंगण बाकाच्या मागच्या कडेला टेकलेलं हवं. पुढे घसरून बसलात तर दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते.

५. फोन कंपनावर, शर्टाच्या खिशात किंवा तळहातात. हेडफोन घालून झोपत असाल तर गजर कानात वाजतो की बाहेर, हे घरी एकदा तपासून घ्या.

६. रुमालाची तीन पदरी घडी डोळ्यांवर. झोप नाही लागली तरी उठू नका, नुसते डोळे मिटून पडण्यानेही सुस्ती बरीच उतरते.

बायकांनी एकटीने झोपायचं तर स्टेशनवरचं महिला प्रतीक्षागृह, विद्यापीठातल्या मुलींच्या खोल्या आणि गजबजलेलं देऊळ, या क्रमाने जागा बघाव्यात. बागेत दोघी-तिघी असाल तरच, आणि पाळीने. दुपारी रिकामा कोपरा निवांत वाटतो, पण तो टाळून इतर बायका किंवा कुटुंबं बसलीत तिथे बसावं. गुजरातची महिला हेल्पलाइन १८१, रेल्वेत १३९, तातडीला ११२.

ऊन आणि डास

मे महिन्यात पारा ४१-४२ वर जातो तेव्हा येणारी ग्लानी प्रत्येक वेळी झोपेची नसते. डोकं ठणकतंय, मळमळतंय, घाम थांबून कातडी कोरडी-गरम झाली आहे, बोलताना शब्द अडखळतायत, अशा वेळी झाडाखाली झोपू नका. शेजारच्याला सांगा, अंगावर पाणी घ्या, दवाखाना गाठा. सोबतीला असा माणूस 'जरा पडतो' म्हणाला तर त्याला एकट्याला पडू देऊ नका. नुसतीच सुस्ती असेल तर मीठ-जिऱ्याची छास घेऊन सावलीत बसायला हरकत नाही.

पावसाळ्यात डेंगीचा डास दिवसाच चावतो आणि घोट्याजवळ चावतो. पायमोजे काढून ऐसपैस झोपायची सवय जुलै ते ऑक्टोबर बंद ठेवा, उघड्या जागी मलम लावा.

उठल्यावर

गजर वाजला की लगेच उभे राहू नका. आधी बसूनच खिसे चाचपा: फोन, पाकीट, किल्ल्या, चष्मा. चष्मा मांडीवर ठेवून झोपणारे उठताना तो हमखास पाडतात, तो आधीच बॅगेच्या डब्यात टाकायचा. मग तोंडावर पाणी मारा, खालचा फ्लेक्स झटकून घडी करा आणि जागा होती तशी ठेवा, उद्या पुन्हा तोच रखवालदार असणार आहे. स्कूटर किंवा गाडी चालवायची असेल तर दहा मिनिटं पायी चाला. डोकं अजून जड वाटत असेल तर आणखी पाच.